माशी शिंकली

आमच्या गावच्या जत्रेत मी एकदा दहापैकी नऊ फुगे फोडले होते. दहावाही फुटला असता, पण नेमका त्याच वेळी पाळणेवाल्यानं भोंगा वाजवला. बक्षीस म्हणून प्लास्टिकचा कंगवा मिळाला. तेव्हा मी आठवीत होतो. कंगवा यथावकाश हरवला, पुढे केसही गेले, पण ‘आपला नेम चांगला आहे’ ही समजूत एकोणचाळीस वर्षं शाबूत राहिली. ती मोडायला मला दोन महिने लागले, आणि त्यासाठी मी रीतसर फी भरली.

निमित्त पॅरिसचं. २०२४च्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं, तेव्हा सगळा महाराष्ट्र खूश झाला तसा मीही झालो. पण माझं डोकं फिरवलं ते युसुफ डिकेच नावाच्या तुर्की गृहस्थानं. वय एक्कावन्न, अंगात टी-शर्ट, डोळ्यांवर रोजचा चष्मा, एक हात पँटच्या खिशात. बसला अजून वेळ आहे म्हणून थांबलाय असा उभा, आणि त्या अवस्थेत एअर पिस्तूलच्या मिश्र दुहेरीत रौप्यपदक! त्या आठवड्यात जगभरातल्या किती पोट सुटलेल्या माणसांनी आरशासमोर उभं राहून एक हात खिशात घालून पाहिला असेल, याची गणती नाही. मी पाहिला. बरा दिसत होतो.

सोसायटीत मात्र ‘मी पिस्तूल शिकतोय’ हे वाक्य जपून उच्चारावं लागतं. माझ्या पार्किंगच्या जागेत दोन वर्षं उभी असलेली एक स्कूटर त्या वाक्यानंतर आपण होऊन हलली, एवढंच नमूद करतो.

आमचा क्लब म्हणजे एका मंगल कार्यालयाच्या मागची लांबोडकी खोली. पलीकडे ‘शुभमंगल सावधान’ चालू असताना अलीकडे आम्ही श्वास रोखून उभे. शिकवायला एक चोवीस वर्षांची मुलगी. ती स्वतः २५ मीटर खेळते. २०१८च्या एशियाडमध्ये राही सरनोबतनं शूट-ऑफमध्ये सोनं जिंकलं ते बघून ही या खेळात आली, आणि अजूनही राहीचं नाव निघालं की ती नकळत ताठ उभी राहते. मी तिला मॅडम म्हणतो, ती मला काका म्हणते. या दोन संबोधनांच्या मधोमध माझं शिक्षण चाललं आहे.

पहिले दोन आठवडे पिस्तुलातून काहीच सुटलं नाही. पिस्तुलाचं तोंड कायम समोरच्या भिंतीकडेच, बोट ट्रिगरच्या बाहेर, मॅडमनी ‘स्टॉप’ म्हटलं की तत्क्षणी खाली, नळी रिकामी आहे हे दिसावं म्हणून तिच्यातून भगवी दोरी आरपार. एकदा मी शेजारच्या गृहस्थांना काही सांगायला वळलो आणि पिस्तूलही माझ्याबरोबर वळलं. मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी नुसतं माझं मनगट धरून भिंतीकडे फिरवलं आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. तेव्हापासून मी कुणाशी बोलायला वळलो तर घरातला टीव्हीचा रिमोटसुद्धा टेबलावर ठेवून वळतो.

मग एकदाचं लक्ष्य समोर आलं. दहा मीटरवर १७ सेंटिमीटरचा चौकोनी कागद. त्यात मधला काळा गोल साधारण सहा सेंटिमीटरचा, म्हणजे आमटीच्या लहान वाटीएवढा. आणि त्याच्याही पोटात दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर. शर्टाचं बटण बघा, तेवढं. हे बटण दहा मीटरवरून, किलोभराचं पिस्तूल एकाच हातात धरून फोडायचं. दुसरा हात लावायचा नाही असा नियमच आहे. डिकेचचा हात खिशात का, याचा उलगडा तिथे झाला. शान-बिन काही नाही. मोकळा सोडलेला हात डुलत राहतो आणि अंगालाही डुलवतो, म्हणून त्याला कुठेतरी डांबून ठेवायचा. मीही खिशात घातला. खिशात किल्ल्यांचा जुडगा होता. पहिल्या गोळीला मी इतका थरथरलो की किल्ल्या वाजल्या आणि आख्ख्या रेंजनं वळून पाहिलं.

पहिल्या दहा गोळ्यांपैकी सहा कागदावर लागल्या. उरलेल्या चार कुठे गेल्या हे त्या मंगल कार्यालयातल्या देवतांना ठाऊक.

“काका, तुम्ही काय बघत होतात?”

“लक्ष्य.” आपण महाभारत वाचलेलं आहे हे मी सुरात दाखवलं. “फक्त पोपटाचा डोळा.”

“तिथेच चुकलं. पोपट धूसर दिसू दे. फोरसाइट बघा.”

द्रोणाचार्यांनी ज्या उत्तराला शाबासकी दिली त्याच उत्तराला इथे शून्य मार्क! पण नंतर मला कोकणातले मामा आठवले. डुकरं भातात शिरायची म्हणून त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती. नळीच्या टोकावर एक बारीकसा कोंब असायचा, त्याला ते माशी म्हणायचे. आम्हा पोरांना बंदुकीला हात लावायची बंदी, पण ऐकायला मनाई नव्हती. ‘माशी बघायची, डुकराकडे बघत बसलास तर डुक्कर तुझ्याकडे बघतं,’ असं ते म्हणायचे. मॅडमचं फोरसाइट म्हणजे मामांची माशी. काम सुरळीत चालू असताना मधेच माशी शिंकते असं आपण म्हणतो, ती हीच असणार, अशी माझी आता खात्री झाली आहे.

ही माशी इतकी महत्त्वाची का, ते मॅडमनी कागदावर रेघ मारून दाखवलं, आणि मी नोकरीत आयुष्यभर आकडेमोड केलेली असल्यामुळे ते मला हाताच्या थरथरीपेक्षा लवकर पटलं. पिस्तुलाच्या मागच्या बाजूला एक खाच, पुढच्या टोकाला माशी. माझ्या पिस्तुलात दोन्हींत अंतर साधारण तीस सेंटिमीटर. माशी त्या खाचेत बरोबर मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड आणि माथा सपाटीत. ती एक मिलिमीटर जरी कलली तरी दहा मीटरवर ती चूक तेहतीस पटींनी वाढते. म्हणजे गोळी तेहतीस मिलिमीटर दूर, काळ्या गोलाच्याही बाहेर, सहाच्या घरात. उलट माशी खाचेत नीट बसलेली असेल आणि सगळा हातच्या हात एक मिलिमीटर इकडेतिकडे सरकला, तर गोळीही एकच मिलिमीटर सरकते. दहाचे दहा. हात हलतो म्हणून मी स्वतःला महिनाभर कोसत होतो, रात्री पाण्याची भरलेली बाटली समोर धरून उभा राहत होतो. हात सगळ्यांचाच हलतो, ऑलिंपिकवाल्यांचाही. हलू द्यावा. माशी बिघडू देऊ नये.

पण माशी दिसली तर ना! पन्नाशीच्या माणसाच्या चष्म्यात वरून रस्ता दिसतो आणि खालून पेपर. हाताच्या लांबीवरची माशी दोन्हींच्या मधल्या बेवारस पट्ट्यात येते. मान वर केली की ती फुलते, खाली केली की तिला पिसं फुटतात. शेवटी चष्मेवाल्याकडे गेलो. “नंबर कशासाठी हवाय?” त्यानं सवयीनं विचारलं. “पिस्तुलाचं टोक स्पष्ट दिसत नाही,” मी म्हणालो. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग गल्ल्याकडे, मग दाराकडे. समजूत पटल्यावर मात्र तो रंगला. टेप घेऊन डोळ्यापासून माझ्या मुठीच्या पुढपर्यंत मापलं आणि नेमक्या तेवढ्या अंतराचं भिंग दिलं. डाव्या काचेवर मॅडमनी कागदाचा तुकडा चिकटवला, म्हणजे तो डोळा मिटायला नको. मिटला की सगळा चेहराच आंबट होतो. तो चष्मा लावला आणि माशी अशी दिसली, काळीभोर, कातीव, की गहिवरून आलं. समोरचं लक्ष्य मात्र विरघळून गेलं होतं. पावसात काचेपलीकडे दिसणारा रिक्षाचा दिवा जसा.

एवढं होऊनही गोळ्या खाली आणि डावीकडे. दर वेळी. मॅडम कागद असा वाचतात की ज्योतिष्यानं लाजावं. “काका, माशी छान बसवली होतीत, शेवटी ट्रिगरला हिसका दिलात.” मी नाही म्हणालो. माझ्या बोटावर माझा ताबा आहे, एवढं तर मला माहीत असणार!

त्या काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, आता छर्रा मी भरून देते. पिस्तूल माझ्या हातातून घेऊन पाठमोऱ्या झाल्या, खटका वाजला, परत दिलं. मारला. पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी त्यांनी छर्रा भरलाच नव्हता, हवाही बंद ठेवली होती. मी माशी बसवली, श्वास अर्धा सोडला, दाबलं. नुसतं ‘टिक्’. आणि त्या टिक्बरोबर माझ्या डोळ्यांदेखत माशीनं डुबकी मारली, खाली, डावीकडे, पाणकावळ्यानं मारावी तशी. गोळी सुटली असती तर तो धक्का गोळीच्या नावावर खपला असता. गोळी नव्हती. खोलीत मी होतो, पिस्तूल होतं, आणि डुबकी होती.

मॅडम दुसरीकडे बघत होत्या. संस्कारी मुलगी आहे.

हे कशानं होतं म्हणाल तर हावरेपणानं. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरचं वजन नियमानं कमीत कमी ५०० ग्रॅम लागतं. स्पर्धेत ट्रिगरला खरोखरच अर्धा किलोचं वजन टांगून बघतात, ते उचललं जायला हवं. अर्धा किलो म्हणजे एक जुडी मेथी. एवढं वजन बोटानं हळूहळू, सरळ मागे, चढत्या दाबानं ओढत न्यायचं, आणि गोळी केव्हा सुटली याचं आपल्यालाच थोडं नवल वाटायला हवं. पण माशी हलत हलत क्षणभर बरोबर जागी येते, मन ओरडतं ‘आत्ता! आत्ता!’, आणि बोट धावतं. लोकल गाठताना धावतो तसं. धावणाऱ्याचा धक्का डब्याला लागतोच.

यावर मॅडमनी केलेला उपाय मला आजही अजब वाटतो. त्यांनी लक्ष्याचा कागद उलटा लावला. समोर नुसता पांढरा चौकोन. ना काळा गोल, ना आकडे.

“कशाला मारायचं?”

“कशालाच नाही. माशी बघा, ट्रिगर दाबा. मध्यभागाच्या आसपास.”

मी दहा गोळ्या मारल्या. काही मिळवायचं नव्हतं, त्यामुळे बोटाला धावायचं कारण नव्हतं. गोळी सुटल्यावरही हात तसाच ठेवून दोन आकडे मोजायचे, माशी कुठे होती ते मनात टिपायचं आणि मगच हात खाली. कागद दोरीवरून सरकत आला. एअर पिस्तुलाच्या छर्‍याचं तोंड चपटं असतं, त्यामुळे भोक सुरेख गोल पडतं, पंचिंग मशीननं पाडल्यासारखं. तसली दहा भोकं, सगळी एका वाटीत मावतील अशी. मी रेंजवर भोकांचे जे ग्रुप पाडतो ते भांड्यांत मोजतो, कारण मिलिमीटर ऐकून वाईट वाटतं. गोळ्या मारू लागलो त्या पहिल्या आठवड्यात माझा ग्रुप परातीचा होता. पुढे ताटावर आला. वाटी प्रथमच.

कागद सुलटा केला की पुन्हा ताट. हे असंच चालू आहे.

अलीकडे एक गोष्ट मात्र जमायला लागली आहे, आणि गुणपत्रिकेत तिला रकाना नाही. पिस्तूल उचलल्यावर आठ-दहा सेकंदांत गोळी सुटली नाही तर ती मारायची नाही. खाली घ्यायचं, दम घ्यायचा, नव्यानं सुरुवात. त्यापुढे डोळा शिणतो, श्वास मागे लागतो, हात जड होतो. ऐकायला सोपं आहे. पण मी रांगेत वाढलेला माणूस आहे. रेशनची रांग, गॅसची रांग, टेलिफोनच्या बिलाची रांग. अर्धा तास उभं राहून झाल्यावर खिडकीशी येऊन परत फिरायचं हे रक्तातच नाही. एवढा वेळ उचलून धरलंय तर मारूनच टाकू, असं दर वेळी वाटतं, आणि ती गोळी हटकून पाचात जाते. परवा साठ गोळ्यांच्या सरावात मी अकरा वेळा पिस्तूल न मारता खाली घेतलं. सामन्यात साठ गोळ्यांना ७५ मिनिटं मिळतात, तेव्हा वेळेची कंजुषी करायचं कारणही नाही. मॅडमनी गुण बघितलेच नाहीत. “अकरा?” म्हणाल्या, आणि चहा पाजला. अर्थात शिसं हाताळलेले हात आधी साबणानं धुवायला लावून.

तो पहिला, पांढऱ्या बाजूचा, वाटीएवढ्या ग्रुपचा कागद मी घरी आणून टेबलाच्या खणात जपून ठेवला होता. गेल्या रविवारी बघतो तर खणात नाही. शोधत शोधत स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर, तेलाच्या बाटलीखाली.

“अगं, हा कागद!”

“जाड आहे, तेल छान टिपतो,” बायको म्हणाली. “फक्त त्याला मधोमध कुणीतरी भोकं पाडून ठेवलीत.”

“मधोमध ना?” मी विचारलं.

तिनं बाटली उचलून पाहिलं. “हो. एकाच जागी आहेत सगळी. बाटलीखाली झाकली जातात.”

मी बाटलीचं बूड बोटांनी मापून पाहिलं. वाटीपेक्षा किंचित लहानच होतं.