कृपया प्रसिद्धी द्यावी

मराठी चित्रपटाचा प्रसिद्धिप्रमुख ओळखायला सोपा. ट्रेलरच्या कार्यक्रमात सगळे मंचाकडे तोंड करून बसलेले असतात. हा एकटा मंचाकडे पाठ करून पत्रकारांची डोकी मोजत असतो. एका हातात दोन मोबाइल, दुसऱ्या हातात वडापावची प्लेट. तीही स्वतःसाठी नाही, उशिरा आलेल्या कॅमेरामनसाठी. सगळे त्याला ‘सर’ म्हणतात आणि तो सगळ्यांना ‘राजा’ म्हणतो. एवढ्या लोकांची नावं कुठे लक्षात ठेवायची?

सुरुवातीच्या दिवसांत कृष्णधवल फोटोंची पाकिटं बगलेत मारून तो दादर ते फोर्ट वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या पालथ्या घालायचा. फोटोमागे पेन्सिलीने नटांची नावं आणि सोबत ‘आपल्या लोकप्रिय दैनिकात प्रसिद्धी द्यावी, ही नम्र विनंती’ असं पत्र. आता फोटो आणि विनंती दोन्ही व्हॉट्सअ‍ॅपवर जातात. ‘लोकप्रिय’ हा शब्द कायम आहे. बंद पडलेल्या दैनिकांच्या संपादकांनाही तो जातो.

धंद्याचं कुळ तो थेट दादासाहेब फाळक्यांपाशी नेतो. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला. सुरतेला प्रेक्षक येईनात, तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली: ५७ हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र आणि तिकीट फक्त तीन आणे! ‘‘गोष्टीबद्दल एक अक्षर नाही, राजा. नुसती लांबी विकली. याला म्हणतात पब्लिसिटी!’’ १९७१ सालचा ‘सोंगाड्या’चा किस्साही तो रंगवतो. दादरच्या कोहिनूरमध्ये देव आनंदच्या ‘तेरे मेरे सपने’साठी दादा कोंडक्यांच्या चित्रपटाला जागा मिळेना, तेव्हा बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले. त्या वेळी आमचा प्रसिद्धिप्रमुख तिसरीत असावा. तरी ‘‘साहेबांना फोन मीच जोडून दिला,’’ हे वाक्य तो गाळत नाही.

त्याची बातमी वर्षानुवर्षं एकच आहे. नात्यांची हळुवार गुंफण, आजच्या तरुणाईची कथा आणि अस्सल मातीचा गंध. भुताचा चित्रपट असला तर गंध भुताला येतो. एकदा घाईत आधीच्या चित्रपटाच्या नायिकेचं नाव तसंच राहिलं. चार ठिकाणी बातमी तशीच छापून आली. तक्रार एकट्या नव्या नायिकेची होती, आणि तिचीही फोटो लहान आल्याबद्दल.

शुक्रवार हा निर्मात्याच्या काळजीचा दिवस, पण त्या दिवशी खरी धावपळ याची. गुरुवारी रात्री प्रीमियर. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नटासमोर मोबाइल धरून ‘‘दोन शब्द बोला ना, दादा’’ अशी आर्जवं. चित्रपट आवडला नसेल तर नट ‘‘खूप मेहनत घेतली आहे’’ म्हणतात. मेहनतीची अशी पाच वाक्यं जमली, की शनिवारी रील टाकता येतं: ‘कलाकारांकडून कौतुकाचा वर्षाव.’ सरकारने २०१५ साली मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटासाठी दुपारी १२ ते रात्री ९ ही वेळ ठरवून दिली खरी, पण याच्या चित्रपटाला सकाळी सव्वानऊचा शो मिळतो. तोही एकच. रात्री हा पोस्टर टाकतो: ‘ठाण्यातील सर्व शो हाऊसफुल्ल!’ हिशेब केला तर वाक्य फारसं खोटं नाही. पहिल्या चार रांगा नायकाच्या सोसायटीने भरलेल्या असतात.

खाजगीत ‘‘चित्रपट कसा आहे?’’ असं विचारलंत, तर तो इकडेतिकडे बघून म्हणतो, ‘‘लोकेशन्स मस्त आहेत.’’ जाणकार तेवढ्यावरून तिकीट वाचवतात.

तरीही चित्रपट चालावा अशी त्याच्याइतकी मनापासून इच्छा कुणाचीच नसते. निम्मे पैसे आगाऊ आणि निम्मे ‘पिक्चर चालल्यावर’ अशी त्याची बोली ठरलेली असते. नट आपलं मानधन डबिंगआधी वसूल करतो. दिग्दर्शकाला निदान महोत्सवांची आशा असते. लोकांच्या चित्रपटांचे कोटींचे आकडे जाहीर करणारा हा माणूस स्वतःच्या वीस हजारांसाठी सहा महिने निर्मात्याच्या ऑफिसात चहा पितो.

मग एक दिवस निर्मात्याचा फोन येतो. नवा चित्रपट सुरू होतोय, जुनी बाकी त्यात धरू. हा तयार होतो, कारण नाही म्हटलं तर जुनीही बुडते. त्याच रात्री बातमी सुटते. पहिलं वाक्य तो मन घट्ट करून टाइप करतो: ‘पहिल्या चित्रपटाच्या दणदणीत यशानंतर…’