दिल्लीचे सेवानिवृत्त, जयपूरचे नवरदेव

राष्ट्रीय हरित लवादाने 2015मध्ये दिल्ली परिसरातल्या दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना वानप्रस्थ फर्मावला. 2018मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच कौल दिला. राजस्थानातले अलवर-भरतपूर राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात म्हणून अडकले, जयपूर सुटले. मग एकेकाळची आलिशान जर्मन एसयूव्ही ना-हरकत पत्र घेऊन इथे बोहल्यावर चढते, नव्या हॅचबॅकच्या भावात.

फक्त कुठूनतरी खडखड येते. विकणारा म्हणतो, रस्ताच तसा आहे. रस्ता बिचारा काय बोलणार! ट्रान्सपोर्ट नगरातला मिस्त्री मात्र कान लावतो: उभ्या गाडीत थरथर असेल तर बहुधा इंजिन माउंटिंग, खड्ड्यात टकटक झाली तर लिंक रॉड नाहीतर आर्मचे बुश. ठरावीक वेगालाच स्टिअरिंग थरथरले, तर आधी चाकांचे बॅलन्सिंग. (रबराचे वय झालेलेच असते, राजस्थानचा उन्हाळा उरलेसुरले तडकवतो.) मालकाचा उपाय याहून स्वस्त. तो गाण्यांचा आवाज वाढवतो.

गाडी किमतीने उतरते, सुटे भाग उतरत नाहीत. म्हणून पाहायला जाल तेव्हा गाणी बंद ठेवा, काचा वर करा आणि इंजिन थंड असताना चालू करायला सांगा. ते आधीच गरम करून ठेवले असेल, तर चहा घ्या आणि घरी या.