तर्जनी-प्रबंध: मतदानप्रेरणेची एक उपेक्षित मीमांसा

प्रास्ताविक

मनुष्य मत देण्यास का जातो, या प्रश्नाने पंडितांची झोप उडवली आहे. अँथनी डाउन्स यांनी १९५७ साली हिशेब मांडला: एका मताने निकाल फिरण्याची शक्यता जवळपास शून्य, रांगेतला त्रास मात्र रोकडा, तेव्हा शहाण्याने घरीच बसावे. १९६८ मध्ये रायकर आणि ऑर्डशुक यांनी या समीकरणात कर्तव्याच्या समाधानाचे एक पद घुसडून गणित कसेबसे जुळवले. हे पद नेमके कुठे असते, ते मात्र सांगितले नाही. प्रस्तुत लेखकाच्या नम्र मते ते डाव्या हाताच्या तर्जनीवर असते.

पूर्वपक्ष

'जोडून सुट्टी' पंथाचे म्हणणे असे की, मतदान सोमवारी आले की मतदार शनिवारीच लोणावळ्याला पळतो. मुंबईत लोकसभेचे मतदान २०१९ आणि २०२४, दोन्ही वेळा सोमवारीच होते. म्हणून २०२४ च्या विधानसभेसाठी आयोगाने मुद्दाम बुधवार निवडला. तरीही करवीरमध्ये मतदान ८४ टक्क्यांच्या पुढे गेले आणि कुलाब्यात ४४ च्या आसपास रेंगाळले. वार दोन्हीकडे एकच होता. सबब पूर्वपक्ष बाद.

सिद्धांत

मतदाराच्या त्या तर्जनीला लावतात ती शाई म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात बनते आणि १९६२ च्या निवडणुकीपासून वापरात आहे. तिच्यातले सिल्व्हर नायट्रेट साबणाला, लिंबाला किंवा घासणीला दाद देत नाही; नख वाढेल तेव्हाच खूण सरकते. दुबार मतदान रोखणे हा तिचा अधिकृत हेतू. आमच्या मते तो दुय्यम. मत गुप्त असते, पण मत दिले की नाही हे शाईमुळे जगजाहीर होते. पारावर कोणी पक्ष विचारत नाही, "काय काका, बोट बघू?" एवढेच विचारतात. काकांचा हात खिशातून निघत नाही आणि उत्तर येते, "यादीत नावच नाही हो आमचं!"

अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये २००६ साली संशोधकांनी काही मतदारांना पत्रे धाडली: तुम्ही व तुमच्या शेजाऱ्यांनी मागे मतदान केले होते की नाही ते हे पाहा, आणि या खेपेचेही सर्वांना कळवू. त्या घरांतले मतदान सुमारे ८ टक्केबिंदूंनी वाढले. त्यांना जे टपालखर्च सोसून साधले, ते आपल्याकडे एका काडीत होते.

वर्गीकरण

मतदानोत्तर मनुष्याचे दोन प्रकार. पहिला 'प्रदर्शक': एरवी उजव्या हाताने चहा घेणारा हा गृहस्थ त्या दिवशी कप डाव्या हातात धरतो, आणि तर्जनी कपाच्या कानाला न लावता ताठ ठेवतो. दुसरा 'खिसेकरी', त्याचा उल्लेख वर आलाच आहे. कुलाब्याचे कोडेही इथेच सुटते. जिथे माणूस लिफ्टमधून थेट गाडीत बसतो, तिथे बोट दाखवायचे कोणाला?

शिफारस

हा सिद्धांत पडताळण्यास सर्वांत योग्य जागा म्हणजे हाउसिंग सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा. गणपूर्तीअभावी ती अर्धा तास तहकूब होते आणि मग त्याच चार सभासदांत पार पडते. हजर सभासदांच्या बोटाला शाई लावावी. पुढच्या वर्षी खुर्च्या कमी पडल्यास खर्च सिंकिंग फंडातून करावा.