फलकावरची शेवटची सूचना

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर सध्या एकच कागद आहे. ‘यापुढे सर्व सूचना फक्त व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिल्या जातील. नोटीस बोर्डावर कोणतीही सूचना लावली जाणार नाही. सर्वांनी नोंद घ्यावी.’ खाली सेक्रेटरींची सही, गोल शिक्का, जावक क्रमांक. जे ग्रुपवर आहेत त्यांना हा कागद वाचायची गरज नाही, जे नाहीत त्यांना वाचून उपयोग नाही. तरी चारही कोपऱ्यांत टाचण्या मारल्यात, काच सरकवलीय आणि काचेला कुलूप घातलंय.

कुलूप कशाला, हे मला अजून उमगलेलं नाही. ही सूचना चोरून नेणार कोण? आतलं हिरवं कापड उन्हाने पिवळं पडलंय, टाचण्या गंजल्यात, कोपऱ्यात २०१९ सालच्या सत्यनारायणाच्या वर्गणीच्या यादीचा एक तुकडा लटकतोय. त्यावर ज्यांचं नाव शिल्लक आहे त्यांनी वर्गणी अजून दिलेली नाही म्हणतात. किल्ली माजी खजिनदारांकडे, आणि माजी खजिनदार मुलाकडे बंगळुरूला. म्हणजे उद्या कमिटीला उपरती झाली, तरी हा कागद काढता येणार नाही.

तर गेल्या मंगळवारी टाकी धुतली. सूचना ग्रुपवर आदल्या रात्री पावणेबाराला पडली होती. वर गुलाबाचं फूल आणि शुभ रात्री, खाली गुडघेदुखीवर मेथीदाण्यांचा उपाय, मध्ये आमचं पाणी. सकाळी दुसऱ्या मजल्यावरचे काका तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत, टॉवेल सावरत जिन्यात आले. सेक्रेटरी खालून शांतपणे म्हणाले, ‘ग्रुपवर टाकलं होतं काका.’

‘मी ग्रुपवर नाही.’

‘मग या की!’

माणसं सोशल मीडियावर का येतात, यावर जाणकार बरंच लिहितात. कुणी ज्ञानासाठी येतं म्हणे, कुणी आपल्या माणसांसाठी. आमच्या बिल्डिंगमध्ये ज्ञानासाठी आलेला माणूस मला अजून भेटायचाय. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी न्यू जर्सीतल्या नातवाचं बारसं बघायला आल्या, एवढंच काय ते प्रेमाचं येणं. बाकीचे २०२० मध्ये मुलांचा गृहपाठ फोनवर येऊ लागला म्हणून आले, दूधवाल्याने ‘उद्या नको’ फक्त मेसेजवर घ्यायचं ठरवलं म्हणून आले. माणसाचं पाणी आधी तिकडे नेतात, मग तो बादली घेऊन मागोमाग येतो. त्यावर आपण म्हणतो, बघा, ज्येष्ठांनीही तंत्रज्ञान किती आनंदाने स्वीकारलंय!

न येणाऱ्यांचाही फार गौरव करायला नको. आमचे काका हे विरोधकांतले मेरुमणी. खिशात बटणांचा फोन, तोंडी ‘आपण त्या भानगडीत नाही.’ पण रोज रात्री जेवणानंतर काकूंना म्हणतात, ‘काय म्हणतायत गं ते लोक?’ काकू वाचून दाखवतात, काका उत्तर सांगतात, काकू टाइप करतात. त्यामुळे ग्रुपवर काकूंच्या नावाने दोन माणसं बोलतात. एक जण ‘छान हं’ म्हणतो आणि हात जोडतो; दुसरा ‘मा. सेक्रेटरी यांस, सप्रेम नमस्कार, उपविधींकडे लक्ष वेधू इच्छितो’ असं लिहितो. आख्ख्या बिल्डिंगला कोण कधी बोलतंय ते कळतं. हा स्वाभिमान बायकोच्या रिचार्जवर चालतो. मंगळवारी काकू भाचीच्या डोहाळजेवणाला नाशिकला होत्या, फोन त्यांच्या पर्समध्ये होता, म्हणून साबण तोंडावर राहिला.

गंमत अशी, की ग्रुपवर असलेले निम्मे लोकही त्या दिवशी बिनपाण्याचेच होते. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप कायमचा म्यूट करायची सोय २०२० च्या ऑक्टोबरपासून आहे, आणि सोसायटीच्या ग्रुपवर तिचा पहिल्या दिवसापासून लाभ घेतला गेलाय. यावर सेक्रेटरींकडे तोड आहे. ते मेसेज दाबून ‘इन्फो’ उघडतात आणि कुणी किती वाजता वाचलं त्याची यादीच समोर धरतात. निळी टिक एकेकट्याच्या गप्पांत बंद करता येते, ग्रुपात येत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. ‘तुम्ही अकरा बावन्नला वाचलंय,’ असं ते मला लिफ्टमध्ये, दोन शेजाऱ्यांदेखत म्हणाले. मी मेथीदाण्यांकडे जाताना वाटेत ते लागलं होतं, एवढाच माझा गुन्हा.

आणि ज्यांना यायचंय त्यांना घेतं कोण? भाडेकरूंना ग्रुपात घ्यायचं नाही, असा आमच्याकडे ठराव आहे. त्यांनी पाणी वापरायचं, मेंटेनन्समधला वाटा घरमालकामार्फत भरायचा, दिवाळीत वॉचमनला पैसे द्यायचे, पण टाकी कधी धुणार हे त्यांना कळता कामा नये, का तर उद्या ते सभेत बसतील! चौथ्या मजल्यावर सहा महिन्यांचं बाळ घेऊन एक जोडपं राहतं, त्या बाईने मंगळवारी बाटलीबंद पाण्याने बाळाचे लंगोट धुतले. वॉचमन ग्रुपात नाही. व्हॉल्व्ह तोच बंद करतो आणि त्यालाच टाकी धुणारे फाटकात आल्यावर कळलं. तो बिचारा मजल्यामजल्यावर बेल वाजवत धावला, तोवर नळ कोरडे. गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी वार्षिक सभेला पूर्ण १४ दिवसांची नोटीस मागतात. टाकीसाठी आम्ही १४ दिवस मागत नाही हो, एक संध्याकाळ मागतो. झेरॉक्सला दोन रुपये लागतात! सेलोटेप माझी! काचेच्या आत नको, काचेवर चिकटवा, लिफ्टच्या दारावर चिकटवा, माझ्या पाठीवर चिकटवा! साठ-सत्तर हजार भाव असलेल्या फोनवरून फुलं पाठवणाऱ्या माणसाला एक कागद चिकटवताना एवढे कष्ट होतात?

आता कमिटीने नोटीस बोर्ड काढून तिथे सेल्फी पॉइंट करायचा ठरवलंय. त्यासाठी ग्रुपवर मतदान ठेवलं: ‘हो’ किंवा ‘नाही’. एकापेक्षा जास्त उत्तरं देता येतात, ती कळ बंद करायची सेक्रेटरींच्या ध्यानात राहिली नाही. काकूंना सेल्फी पॉइंट आवडला, त्यांनी ‘हो’ दाबलं. जेवणानंतर काकांनी त्याच फोनवरून ‘नाही’ दाबायला लावलं. असं आणखीही काही घरांत झालं असावं. आमचे फ्लॅट ६४, मतं पडली ७१. सेक्रेटरींनी सगळी मोजली आणि ठराव बहुमताने मंजूर झाला.