जितकं पातळ, तितकं जालीम

शेलूत रात्री ताप चढला की गल्लीतला होमिओपॅथ हाच फॅमिली डॉक्टर. मोठा डॉक्टर हवा तर कर्जत लोकलची वाट बघा. २०१४ साली विधिमंडळाने कायदा दुरुस्त केला: होमिओपॅथांनो, वर्षभराचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम करा, मग ॲलोपॅथीही लिहा. त्यांची वेगळी नोंदवही उघडायला मात्र २०२५ उजाडलं! जुलैत ती मिटली, सप्टेंबरात पुन्हा उघडायला निघाली, तोच १८ तारखेला ॲलोपॅथीवाल्यांचा संप. औषध जितकं पातळ तितकं जालीम, हे होमिओपॅथीचं तत्त्व. सरकारने ते थेट कायद्यालाच लावलं. ११ वर्षं नुसतं ढवळणं चाललं. तोवर ॲझिथ्रोमायसिन कुणासाठी थांबलं म्हणता? मेडिकलवाला एवढंच विचारतो, "तीन दिवसांचं देऊ की पाच?"