सुरक्षा समिती परिणामकारक करण्याची सोपी रीत

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात ४१-जी हे कलम आलं. धोकादायक प्रक्रिया चालते तिथं सुरक्षा समिती नेमायची आणि तिच्यात कामगार व व्यवस्थापन यांचे प्रतिनिधी निम्मेनिम्मे घ्यायचे, असं त्यात म्हटलं होतं. बाकीचे कारखानेही आता गिऱ्हाइकाच्या ऑडिटच्या धाकानं समिती नेमतात.

निम्मेनिम्मे म्हटलं म्हणून व्यवस्थापनानं हबकू नये. कामगारांचे प्रतिनिधी टाइम ऑफिस, स्टोअर आणि कॅन्टीनमधून घ्यावेत. तिथं बोटं तुटत नाहीत, त्यामुळे चर्चा शांतपणे होते. प्रेसवरच्या माणसाला बोलावलं तर प्रॉडक्शन बसतं. शिवाय तो बहुधा ठेकेदाराचा. जो आपल्या मस्टरवरच नाही, त्याला आपल्या समितीत कसा घ्यायचा?

बैठकीत हेल्मेट, गॉगल, ४ मार्चच्या सुरक्षा दिनाची शपथ आणि पोस्टर स्पर्धा यांवर मनसोक्त बोलावं. तरी एखादा आगाऊ सभासद म्हणेलच, "साहेब, तीन नंबरच्या प्रेसला पाचर मारलीय." जुन्या पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच रॅम खाली येतो, म्हणजे हात डायमध्ये राहत नाही. एका बटणात लाकडाची पाचर ठोकली की एक हात मोकळा होतो आणि तासाचा आकडा निघतो. तो आकडा कुणी ठरवला, हे बैठकीत विचारू नये. ठरवणारे अध्यक्षस्थानी बसलेले असतात. इतिवृत्तात लिहावं : 'कामगारांत जनजागृती करणे. जबाबदारी : सर्व संबंधित. मुदत : लवकरात लवकर.' पुढच्या बैठकीत 'काम प्रगतिपथावर'. त्याच्या पुढच्या वेळी पोस्टरचा फोटो जोडून मुद्दा बंद. (सर्व संबंधित हा गृहस्थ प्रत्येक कारखान्यात असतो आणि कुणाच्याही नजरेला पडत नाही.)

गेटवरचा 'अपघातविरहित दिवस' हा फलक मात्र जिवापाड जपावा. अपघातानंतर ४८ तास किंवा अधिक काळ कामगाराला काम करता आलं नाही, तर कारखाना निरीक्षकांना कळवावं लागतं. म्हणून टाके पडलेल्या पोराला दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या गाडीनं आणावं, स्टोअरमध्ये पंख्याखाली खुर्ची द्यावी, चहा पाजावा आणि हजेरी लावून घ्यावी. सही डाव्या हाताची चालते.