पुलावरचे आबा

जिराईत गावातला माणूस आभाळाकडे बघतो, पाटाच्या गावातला पुलाकडे. आभाळाला विचारून उपयोग नसतो, हे जिरायतदाराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पुलावर मात्र आबा बसलेले असतात, आणि आबांना विचारता येतं.

नीरा डाव्या कालव्याच्या कडेनं वीर धरणापासून पुरंदर, बारामती, इंदापूर असं उतरत गेलात तर गावोगाव पूल लागतो, पुलाला कठडा असतो आणि कठड्यावर आबा असतात. कुठं त्यांना तात्या म्हणतात, कुठं अण्णा, ऐवज तोच. वय साठीच्या पुढं, डोक्याला टोपी, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक चालणारं. चपला काढून शेजारी नीट जोडीनं ठेवलेल्या. का काढल्या हे आबा सांगत नाहीत, पण एवढ्यात उठायचा विचार नाही हे लांबूनच कळावं, एवढी सोय त्यातून होते.

"आबा, पाणी कधी?" गावातला प्रत्येक माणूस दिवसातनं एकदा तरी हे विचारतोच. आबा लगेच बोलत नाहीत. आधी खाली कालव्यात बघतात. कालवा कोरडा ठणठणीत असतो, तळाशी एक कुत्रं निवांत झोपलेलं असतं. आबा त्या कुत्र्याचाही अंदाज घेतात आणि मग म्हणतात, "सुटलंय."

"कुठं?"

"हेडला."

"मग इथं कधी येईल?"

"ते नको विचारू. वाटेत माणसं राहतात."

आबांना नातवंडांची नावं बिनचूक आठवत नाहीत, पण धरणं तोंडपाठ आहेत. भाटघर 23.50 टीएमसी, नीरा देवघर 11.73, वीर 9.41, गुंजवणी 3.69, चारींची बेरीज 48.33. किराणा दुकानात उधारीची बेरीज त्यांना दोनदा करावी लागते. पाण्याच्या बाबतीत मात्र हजार क्युसेकनं एक टीएमसी सोडायला साडेअकरा दिवस लागतात, हे ते तंबाखू मळता मळता सांगतात. हिशोब बरोबर असतो. पाणी तेवढं त्या हिशोबानं येत नाही, पण तो आबांचा दोष नव्हे.

त्यांचं वर्ष पाडव्याला सुरू होत नाही. ते 1 जुलैला सुरू होतं, कारण खात्याचं सिंचनवर्ष तेव्हा सुरू होतं. 15 ऑक्टोबरला धरणात किती साठा आहे, त्यावर रब्बीची आणि उन्हाळ्याची किती आवर्तनं मिळणार हे ठरतं, म्हणून त्या दिवशी आबा जरा इस्त्रीचे कपडे घालून पुलावर येतात. पुढं कालवा सल्लागार समितीची बैठक होते. तिथं मंत्री असतात, आमदार असतात, अभियंते असतात, आबा नसतात. तरी बैठकीचा वृत्तांत गावाला आबांकडूनच मिळतो. पहिल्या दिवशी ते म्हणतात, "मी असतो तर साहेबांना म्हणलं असतं, उन्हाळ्यात तीन पाळ्या द्या." दुसऱ्या दिवशी, "मी म्हणणार होतो." आठवडाभरात "मी म्हणलं" होतं, आणि साहेब निरुत्तर झालेले असतात. आबांचा खरा राग मात्र उजव्यांवर; आमच्याकडे डावे-उजवे म्हणजे राजकीय मतं नव्हेत, कालवे. पलीकडचा उजवा कालवा फलटणकडं पाणी घेऊन जातो, आणि जगातल्या बहुतेक अन्यायांचं मूळ आबांच्या मते त्या काठाला आहे.

इतिहासही त्यांच्या घरचाच. 1876-77 च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी हा कालवा काढला आणि 1885 च्या सुमारास पाणी खेळलं, हे आबा असं सांगतात, जणू खोदाईच्या मस्टरवर त्यांची सही असावी. विश्वेश्वरय्यांचा उल्लेख ते मोठ्या भावासारखा करतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. रानाच्या एका भागात ऊस, बाकीच्या भागात कमी पाण्याची पिकं, आणि पाणी गावोगाव वाटलेलं. "काय डोकं होतं त्या माणसाचं!" असं म्हणून आबा गहिवरतात. स्वतःच्या सगळ्या रानात बांधापासून बांधापर्यंत ऊस आहे, हे कुणी लक्षात आणून दिलं तर म्हणतात, "ते आता राहिलं नाहीत ना. असते तर ऐकलं असतं."

पण आबांचं खरं मोठेपण कळायचं तर त्यांची जमीन बघायला हवी. दोन एकर वडिलार्जित, चारीच्या तोंडाशी, म्हणजे हेडला. दीड एकर पुढं घेतलेली, त्याच चारीच्या शेवटी, म्हणजे टेलला. त्यामुळं आबांकडे दोन रानं आहेत आणि दोन तत्त्वज्ञानं. शेजपाळीचा नियम असा की, पाणी आधी टेलला द्यायचं आणि भिजवत भिजवत हेडकडं यायचं. आबा टेलच्या रानात उभे असले की कायद्याचे असतात. "नियम म्हंजे नियम. शेवटच्या माणसाला आधी पाणी, ह्यालाच लोकशाही म्हणतात." तिथून सायकल मारत हेडच्या रानात आले की ते निसर्गाचे होतात. "पाणी उताराला धावणारच. वाटेत आमचं रान आलं, त्यात पाण्याचा काय गुन्हा?" एकदा ग्रामसभेत दोन्ही भाषणं त्यांनी एकाच दुपारी केली, मध्ये फक्त चहा झाला. टाळ्या दोन्हीला पडल्या, कारण सभेत दोन्हीकडची माणसं होती.

पाण्याच्या चोरीला आबांचा जाहीर विरोध आहे, आणि त्यांचं पदार्थविज्ञानही चोख आहे. आमच्याकडे चोरीचा पाइप म्हणजे डोंगळा. भरावावरून आडवा टाकायचा, एक तोंड कालव्यात, दुसरं रानात खाली. पाइप पाण्यानं भरून दोन्ही तोंडं दाबायची आणि सोडायची. मोटार नाही, बिल नाही, आवाज नाही; पाणी आपलं आपण चढतं आणि उतरतं. हे तत्त्व शाळेतल्या मास्तरांपेक्षा आबा चांगलं समजावतात. फक्त तपासणीची जीप दिसली की त्यांना खोकला येतो. पुलावरचा हा खोकला भरावाच्या कडेनं कोसभर ऐकू जातो आणि पाच मिनिटांत सगळे पाइप उसात गडप होतात. जीप निघून गेली की खोकला थांबतो. वैद्याला दाखवायची गरज अजून पडलेली नाही.

पाटकऱ्याशी त्यांचं नातं आवर्तनाप्रमाणे बदलतं. पाणी सुटलं की तो "साहेब" असतो, त्याला चहा असतो, चहाबरोबर बिस्किट असतं. पाळी संपली की तो "आपल्याच पाव्हण्यांचं पोरगं" असतो आणि चहा त्यानं पाजायचा असतो. पाणी मागणीचा सात नंबरचा अर्ज मात्र आबा वेळेवर भरतात. पाणीपट्टी पिकावर आणि क्षेत्रावर लागते, म्हणून अर्ज भरताना त्यांचं क्षेत्र जरा आटतं. भिजवताना ते पुन्हा पहिल्यासारखं होतं.

तरीही गावानं आबांना हसण्यावारी नेलं नाही, याला कारण आहे. पाण्याचं बारं बहुतेक वेळा रात्रीच येतं. थंडीत, बॅटरी घेऊन, फावडं खांद्यावर टाकून, दारं धरायला आबांचा पोरगा जातो. आबा घरात घोंगडीखाली असतात. मध्येच फोन करतात, "चारीचा आवाज बसला रे. वर कुणीतरी फोडलंय बघ." पोरगा चारीच्या कडेनं वर जातो आणि तिथं खरोखरच कुणीतरी बांध फोडलेला असतो. घराला लागून वाहणाऱ्या चारीत पाणी किती आहे, हे त्यांना झोपेत कळतं. कालवा सुटल्यावर कुठल्या विहिरीला कितव्या दिवशी पाझर लागतो हेही त्यांच्याकडे पक्कं आहे. ही माहिती कुठल्या नोंदवहीत नाही. पोरानं एकदा ती वहीत उतरवायला घेतली, तर आबा म्हणाले, "लिहू नको. उद्या कुणी विचारायलाच यायचं नाही."

हेडच्या रानात खालच्या कोपऱ्याला आता मीठ फुटलंय. उन्हाळ्यात जमीन पांढरी दिसते. वर्षानुवर्षं तुंबवून दिलेलं पाणी आणि निचऱ्याला वाट नाही, हे त्याचं कारण. आबांचं निदान वेगळं आहे: कालव्याची गळती. त्यांचा एकूण सिद्धांतच असा आहे की, पाणी कमी पडलं तर खात्यामुळं, जास्त झालं तर खात्यामुळं आणि बेताचं मिळालं तर आबांमुळं. पोरानं तिथं पाडेगावच्या केंद्राचा 265 ऊस लावला, तो खारवट जमिनीत तग धरतो म्हणून. आणि ठिबकही घातलं. आबा दोन दिवस त्या नळ्यांपुढं उकिडवे बसून राहिले. थेंब पडताना बघून त्यांचं समाधान होईना. तिसऱ्या दिवशी त्यांनी हळूच सरीत मोकळं पाणी सोडलं. "ठिबक उसासाठी," ते म्हणाले, "हे माझ्यासाठी."

भरपूर पावसाचं साल आबांना सोसत नाही. विहिरी तुडुंब, ओढे वाहते, पाण्याची चौकशी करायला पुलावर कुणी फिरकत नाही. मग ते लग्नं जमवतात. आमच्या भागात मुलीचा बाप आधी "बागायत किती?" विचारतो, आणि ती खरी किती हे आबाच सांगू शकतात. गेल्या मोसमात एका स्थळाच्या बोलणीला त्यांना मुद्दाम नेलं होतं. मुलगा पुण्यात आयटीत, पगार मोठा, हिंजवडीत फ्लॅट. मुलाचे वडील कौतुकानं सगळं सांगत होते. आबांनी पोहे संपवले, बशी बाजूला ठेवली आणि विचारलं, "ते ऱ्हाऊ द्या. रान हेडला का टेलला?"

"मधोमध हाय."

आबा मुलीच्या बापाकडे वळले. "पोरगी द्या. मधल्याचं सगळ्यात बरं असतं. वरच्याला चोर म्हणता येतं, खालच्याला बिचारा म्हणता येतं, आणि ह्या दोघांची भांडणं लागली की मधल्यामधी आपलं रान भिजवून घेता येतं."